त्सोलोनं आणलेलं गाठोडं

नवऱ्याला बायकोच्या कपाटातलं कितपत कळतं, असं आमच्या द्रेनाक गावात कुणी विचारलं, तर मी त्सोलोकडे बोट दाखवतो. तो समोर बसलेला असला तरी दाखवतो. उभ्या संसारात त्यानं ते कपाट उघडलं असेल ते एकदा दार निखळलं तेव्हा, आणि एकदा ज्याची ही गोष्ट आहे तेव्हा.

त्याची बायको नेदा. गावात सगळ्यात तिखट जीभ तिची. दुसरा नंबर माझा, असं तीच सांगायची, आणि वर म्हणायची, की तुझी नुसती लांब आहे, तिखट नाही.

त्या वर्षी उन्हाळा सरल्यावर, मिरच्या भाजायच्या दिवसांत ती पोट दाखवायला बसनं शहरात गेली आणि डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तिनं दुकानातल्या फोनवर निरोप दिला, की कपाटात खालच्या खणात गाठोडं बांधून ठेवलंय, ते घेऊन दुपारच्या बसनं ये. एवढं बोलून फोन ठेवला. फोनवर लांबण लावणं म्हणजे तिला दार उघडं ठेवून शेगडी पेटवल्यासारखं वाटायचं.

आता खालच्या खणात गाठोडी होती दोन.

एक इस्पितळाचं. उन्हाळ्यापासून पोट दुखत होतं, तेव्हा तिनं ते गुपचूप तयार केलं होतं. समोरून बटणांचे, धुऊन धुऊन मऊ पडलेले झगे, टाक्यांवर काही घासू नये म्हणून ढगळ. न वाकता पाय सरकवता येतील अशा सपाता. कप, चमचा, टॉवेल, कागदाची गुंडाळी, कारण आमच्या इस्पितळात खाट आणि डॉक्टर मिळतो, बाकीचं आपलं आपण न्यायचं. आणि नर्सबाईंसाठी कॉफीचा पुडा, म्हणजे सुई जरा प्रेमानं टोचतात.

दुसरं गाठोडं आमच्याकडची प्रत्येक बाई साठी ओलांडली की बांधून ठेवते ते. शेवटच्या प्रवासाचं. नवा निळा झगा, नवे मोजे, पाय न लागलेले बूट, पांढरा रुमाल, भरतकामाचा टॉवेल, मेणबत्ती, वाळलेल्या तुळशीची काडी. असं गाठोडं घरात असतं हे पुरुषांना माहीत असतं, घरात विरजण असतं हे जसं माहीत असतं तसं. कुठं असतं आणि कसं दिसतं, ते कोण बघतो?

त्सोलोनं दोन्ही सोडून बघितली. एकात विटके कपडे आणि झिजलेल्या सपाता. दुसऱ्यात सगळं नवंकोरं. त्याला वाटलं, बाई माझी शहरात गेलीय, चार परक्या बायकांत पडून राहणार, तिनं काय या चिंध्या घालायच्या? मेणबत्ती असेल वीज गेली तर म्हणून. तुळस असेल कसर लागू नये म्हणून. त्यानं चांगलं ते उचललं आणि वाटेत बसमध्ये मांडीवर धरून बसला, चुरगळू नये म्हणून.

पुढचं मला तोत्कानं सांगितलं. तोत्का माझी मेव्हणी, पित्ताचे खडे काढून नेदाच्या शेजारच्याच खाटेवर पडली होती. तिच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं, पण हे मी त्सोलोकडूनही ताडून घेतलंय.

नेदानं गाठ सोडली. वर मेणबत्ती. तोत्कानं छातीवर क्रूसाची खूण केली, पलीकडच्या एका बाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नेदानं एकेक वस्तू काढून पांघरुणावर मांडली आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "डॉक्टरांना एकदा विचारून तरी बघायचं होतंस."

आणि पोट दाबून धरून हसली. त्सोलोला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा शेजारच्या चुन्याच्या भिंतीसारखा झाला. तो लगेच गाठोडं बांधायला लागला, म्हणाला आत्ता जातो, दुसरं आणतो. पण संध्याकाळच्या बसनं गावी गेलं की परतायला मग सकाळचीच, आणि ती येईपर्यंत नेदाला आत नेलेलं असणार. तिनं त्याच्या हातातून कापड काढून घेतलं.

"गाठोडं काय करायचंय? तू थांब."

ती अशी मऊ आवाजात त्याच्याशी कधी बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो थांबला. फरशी गार होती, म्हणून तिनं ते नवे बूट घातले. तोत्का म्हणाली, घालू नकोस गं, असलं आधी अंगाला लावलं तर बोलावणं येतं. नेदा म्हणाली, आलं तर सांग त्यांना, बूट चावतात, सावकाश येतेय.

सकाळी तिला आत नेलं. उघडलं, बघितलं, आणि तसंच शिवून टाकलं. काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळीकडे पसरलं होतं. हे डॉक्टरांनी बाहेर त्सोलोला सांगितलं. आमच्याकडे अशी बातमी घरच्या माणसाला सांगतात, आजाऱ्याला नाही. तो आत आला आणि तिला म्हणाला, खडे होते, काढले.

"किती?"

"बरेच."

"तोत्काला तिचे बाटलीत घालून दिलेत. माझे कुठायत?"

त्सोलोला लवकर खोटं सुचत नाही. तो म्हणाला, हरवले. नेदानं पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर तो माणूस मिटला. दुकानापुढच्या बाकावर यायचा, टोपी हातात फिरवत बसायचा. मी चिडवलं तरी चिडायचा नाही, हे काही बरं लक्षण नव्हे. एकदा राकियाचा, आमच्या घरच्या दारूचा, पेला पुढं केला, तेव्हा बोलला.

"मीच नेलं ना ते तिच्याकडे. आपल्या पायांनी नेलं. मांडीवर धरून."

ते गाठोडं त्यानं गवताच्या माळ्यावर लपवलं होतं, आणि नेदा त्याला विचारत होती, कुठाय. तिला सगळं कळलं होतं. स्वतःचं तर कळलं होतंच, त्याचंही कळलं होतं. शेवटी ती स्वतः शिडी लावायला निघाली, टाके ओले असताना, तेव्हा त्यानं आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी नेदा आपल्या मरणाच्या झग्यात दुकानात पाव घ्यायला आली.

गावाला महिनाभराचं बोलणं झालं. बायका रस्ता बदलायच्या. तिनं त्याच झग्यात कोंबड्यांना दाणे टाकले, भाजलेल्या मिरच्या सोलल्या, छातीवर लाल डाग पाडून घेतला. ते बूट घालून चिखलातून गेली. शेजारच्या फ्लोराला राहवलं नाही. तिनं विचारलं, अगं, हे झिजवून टाकलंस तर मग त्या दिवशी काय घालणार?

"त्सोलो देईल ते," नेदा म्हणाली. "त्याची आवड चांगली आहे."

मग बाकाशी येऊन तिनं आमच्या सगळ्यांसमोर झग्याचा घोळ त्याच्या नाकाशी धरला. "बघ, म्हाताऱ्या. कापड आहे. धुतलं की आकसतं. याच्यापलीकडे त्याला काही येत नाही."

त्सोलो हसला. तिच्यासाठी हसला, हे मला दिसलं, आणि तिलाही दिसलं असणार, कारण ती तो झगा अख्खा हिवाळा घालत राहिली. तिच्या अंगावर तो दर आठवड्याला मोठा होत गेला. पुढं पुढं ती बाहेर यायची थांबली, तर खिडकीत त्याच झग्यात बसायची, त्यानं अंगणातून बघावं म्हणून.

आलुबुखारं फुलली तेव्हा ती गेली. फ्लोरानं स्वतःच्या गाठोड्यातला कोरा काळा झगा आणला, जो नेदाला दोनदा गुंडाळता आला असता. त्सोलोनं तो परत दिला. निळा खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, कोपरं विरलेला. बायका म्हणाल्या, निदान तो डाग तरी काढू दे. तो म्हणाला, राहू दे, मिरच्यांचा आहे.

तिचा चाळिसावा दिवस घातल्यावर तो पुन्हा बाकावर यायला लागला. एकदा रस्त्याकडे बघत मला म्हणाला,

"दुसरं नेलं असतं, तर राहिली असती?"

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी उघडलं त्याच्या कितीतरी आधीच ठरलं होतं ते."

"तीही तेच म्हणायची." त्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "पण गावात सगळ्यात जास्त थापा तुम्ही दोघंच मारायचात."

मी थोडं सरकून बसलो, आणि आम्ही दुपारची बस यायची वाट बघू लागलो, तिच्यातून कुणी यायचं नव्हतं तरी.