डाव्या हाताची चिलखती गाडी

अर्धांगाच्या झटक्यात दाजींचा उजवा हात गेला आणि जीभ शाबूत राहिली. उलट झालं असतं तरी चाललं असतं, हे माझ्या ताईचं मत. ती त्यांची बायको आहे, तिला अधिकार आहे.

दाजी बाइंडर. सगळी हयात फाटकी पुस्तकं बांधण्यात गेली. जरा हिंडूफिरू लागताच ते दुकानात गेले, तर त्यांच्या टेबलाशी माझा भाचा उभा आणि त्यांच्यासाठी गल्ल्यामागे गादीची खुर्ची.

“बाबा, तुम्ही आता आरामात पैसे घ्यायचे. सुरीला हात लावायचा नाही.”

“शोभेला बसायला मी काय फुलदाणी आहे? डाव्या हातानं कापीन.”

“आणि गिऱ्हाइकाचं पुस्तक वाकडं कापलं गेलं तर? आधी घरी काहीतरी करून दाखवा. हात बसलेला दिसला तर टेबल तुमचं.”

“काय करू?”

“साधा पुठ्ठ्याचा डबा करा.”

“डबा पोरंटोरं करतात,” असं म्हणून दाजी घरी आले, ते महायुद्धातल्या चिलखती गाडीची चित्रं घेऊनच. एका जुन्या मासिकात चारही बाजूंनी काढलेली. सगळीकडून तिरके पत्रे, वर तोफेचा गोल मनोरा, बाजूला छोटं दार. कागद सरळ वागायला तयार असतो, गोल व्हायला सांगितलं की रुसतो, असं ते म्हणायचे. गोल मनोरा जमला तरच हात बसला म्हणायचं, म्हणूनच ही गाडी.

मी बँकेतला कारकून, सुट्टीच्या दिवशी गेलो, तेव्हा ताईचं ओट्याजवळचं टेबल राखाडी कार्डपेपरनं भरलेलं होतं. “पट्टी धरू का, दाजी?”

“तुम्ही तुमचे हिशेब धरा.” त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पट्टीवर ठेवून दिला. “नुसतं बसून राहायचं काम तरी करील हा.” त्या वजनाखाली पट्टी हलली नाही. डाव्या हातातली सुरी मात्र हलली. मनोऱ्याचा तुकडा गेला. त्यांनी तो चुरगाळून फेकला, सुरीला एक शिवी हासडली आणि नवा कागद ओढला.

“अहो, जेवायचं कुठे आम्ही?” ताईनं विचारलं.

“मांडीवर घ्या ताटं. इथे युद्ध चालू आहे.”

असे कितीतरी मनोरे केरात गेले. पण हळूहळू कडा जुळू लागल्या. चाकांसाठी बारीक पट्ट्या गुंडाळल्या, दाराला बिजागरी बसली, दार उघडूमिटू लागलं. शेवटी एके दिवशी गाडी तयार झाली आणि भाच्याला बोलावणं गेलं.

भाच्यानं गाडी एका हातात घेतली, चित्र दुसऱ्या हातात. “बाबा, चित्रात दार डाव्या बाजूला आहे. तुमचं उजव्या बाजूला आलंय.”

दाजींनी पाहिलं. ताईनं पाहिलं. मी चष्मा पुसून पाहिलं. अख्खी गाडीच आरशात दिसावी तशी झाली होती. पुस्तकाचं कव्हर नेहमी मागच्या बाजूनं आखायचं, म्हणजे दर्शनी बाजूला पेन्सिलीचा डाग राहत नाही. त्याच सवयीनं दाजींनी प्रत्येक भाग कागदाच्या मागच्या बाजूला आखून कापला होता आणि उलटवून जोडला होता. कव्हर उलटवलं तरी कव्हरच असतं. गाडीचं तसं नाही.

“म्हणजे चुकलंच,” भाचा हळूच म्हणाला.

“चुकलं ना! डोकं चुकलं माझं. अट डोक्याची होती का?”

“बाबा…”

“अट हाताची होती. बघ, कुठे रेघ सोडलीय त्यानं? कुठे फट आहे? दाखव!”

भाच्यानं प्रत्येक जोडावरून नख फिरवलं. मनोऱ्यावर जरा जास्तच वेळ. नख कुठेच अडकलं नाही. त्यानं गाडी खाली ठेवली. “आणि मागच्या बाजूनं आखायला मलाही तुम्हीच शिकवलंय,” तो म्हणाला. “मीही हेच केलं असतं.”

“मग?”

“मग या उद्या.”

दाजी दुसऱ्या दिवशी भाच्याच्या आधी दुकानात हजर. त्यानं कुलूप काढेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. आत शिरताच म्हणाले, “हे टेबल फिरव आधी. डाव्या हाताला उजेड उजवीकडून लागतो.”

एवढं जड टेबल. भाचा कुरकुरत ढकलू लागला, आणि दाजी खांदा लावून उभे राहिले.