अहवाल येण्याआधीचा चहा

लालबागच्या आमच्या गाळ्यात नियम एकच होता आणि तो मीच केलेला. लॅबचा अहवाल हातात आल्याशिवाय चहाची गोणी फोडायची नाही. मोठ्या कंपनीत मी अठरा वर्षं चहा चाखायची नोकरी केली. मळ्यात काय फवारलंय ते जिभेला कळत नाही, हे मी तिथंच शिकले. म्हणूनच नोकरी सोडून आसामातल्या लहान शेतकरी बायांकडून थेट पत्ती घ्यायला लागले. परळच्या एका धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची गावाकडची माणसं राहतात. तिथं रोज सकाळी मी आमचा चहा करून फुकट वाटायचे.

मग तो नियम मीच मोडला.

धर्मशाळेतली पत्ती संपली होती. नवा माल आला होता, अहवाल यायचा होता. आमच्याकडे पाकिटं भरणाऱ्या मावशी मालवणच्या. त्यांनी विचारलं, "गो बाय, कागद खंय आसा?"

"येईल दोन दिवसांत. तीन वर्षं आसामच्या ह्याच बाईकडून घेतोय आपण. कधी काही निघालंय?"

 मावशींनी कात्री घेतली आणि गोणी फोडली.

अहवाल नवव्या दिवशी आला, मोबाइलवर. मी हिंदमाताला एका दुकानात साडीला जुळणारा ब्लाउजपीस बघत होते. त्यात एका कीटकनाशकाचं नाव होतं, चहावर मारायला बंदी असलेल्या, आणि त्यापुढे 'आढळले'. दुकानदार काहीतरी विचारत होता. मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते.

मला जालन्याकडची ती बाई आठवली. तिचं पोटाचं ऑपरेशन होऊन केमो चालू होती. तिचा नवरा रोज थर्मास भरून न्यायचा आणि म्हणायचा, "ताई, हिच्या पोटात दुसरं काहीच टिकत नाही बघा. तुमचा कोरा चहा तेवढा राहतो."

बाहेर येऊन मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. अहवाल फक्त माझ्याकडे होता. गुपचूप गोणी बदलली असती तर कुणाला काय कळणार होतं? खोटं कशाला बोलू, अर्धा तास मी तोच विचार करत होते. मग मावशींना फोन केला. त्यांना एकदा सांगून टाकलं की मला मागे फिरता येणार नव्हतं, म्हणून आधी त्यांनाच केला.

"आधी धर्मशाळेतली पत्ती उचल," एवढंच त्या म्हणाल्या.

पत्ती उचलली. मग दादर आणि गिरगावच्या दुकानांत विकायला ठेवलेली पाकिटं परत आणली. गिरगावातल्या एका दुकानदाराने सगळी पाकिटं मोजून दिली आणि म्हणाला, "मॅडम, आता पुढचा माल नको." आसामला पत्ती पाठवणाऱ्या बाईला फोन लावला तर ती रडायलाच लागली. "दीदी, हमने नहीं मारा. बाजूवाले ने मारा, हवा से आया." मग घाबरत म्हणाली, "अब हमारी पत्ती नहीं लोगे?"  ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इतक्या थोड्या कपांनी काही व्हायचं नाही. पण "शंभर टक्के?" असं विचारल्यावर म्हणाले, "तसं कसं सांगणार?" 

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या ओसरीत उभी राहून सगळ्यांना सांगितलं. तपासणीआधीच चहा दिला, चूक माझी आहे, हेही सांगितलं.  जालन्याचा तो नवरा पुढे आला.

"ताई, माझ्या बायकोला काही होईल का त्यानं?"

"डॉक्टर नाही म्हणतात. मला माहीत नाही."

"माहीत नाही?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही हातानं ओतून दिला ना!"

त्याने थर्मास उचलला आणि निघून गेला. त्यानंतर तो समोरच्या टपरीवरून चहा आणायला लागला. मी रोज जात राहिले. अहवाल आलेल्या दुसऱ्या मालाचं पातेलं निम्मं तसंच उरायचं.

आठ-दहा दिवसांनी त्याची बायको स्वतः आली. डोक्याला रुमाल, एक हात भिंतीला.

"तो टपरीचा लई गोड असतो. ओकारी येते," ती म्हणाली. "आजच्याचा कागद आहे का?"

माझ्या पर्समध्ये होता. तिने तो उलटसुलट पाहिला. इंग्रजी होता. "वाचा," ती म्हणाली. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. मध्ये एक नाव मी भरभर उरकलं, तर तिने थांबवलं. "हे काय? परत सांगा." सगळं ऐकून झाल्यावर ती बाकावर बसली आणि अर्धा कप प्यायली. नवरा लांब उभा होता, तो जवळ आला नाही.

आसामच्या बाईची पत्ती आम्ही अजून घेतो. शेजाऱ्याच्या बांधालगतच्या ओळी मात्र तिने सोडून दिल्या आहेत. गिरगावच्या दुकानदाराने पुन्हा माल घेतला नाही. जालन्याची ती बाई उपचार संपवून, आपल्या पायांनी चालत, गावी गेली. जाताना नवऱ्याने मला नंबर दिला. "कधी फोन करा," एवढंच म्हणाला.

याला वर्ष होऊन गेलं. ती बरी असेल, असं मी स्वतःला सांगते. नंबर कितीदा काढला, पण अजून लावलेला नाही.