करंजाखालची जागा

धरणगावच्या उत्तरेला, तापीच्या पात्रात आमच्या गावाचं बेट आहे. वरच्या टोकाला गोसाव्यांच्या जुन्या समाध्या, मधे प्लेगात गेलेल्यांचे दगड आणि खालच्या टोकाला लेकरं. दात न आलेल्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरुष नेतात, वर बाभळीच्या काट्या टाकतात, खूण ठेवत नाहीत. बाईने मागे जायचं नसतं.

माझी मुलगी ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गेली, बारशाच्या आदल्या दिवशी. सासऱ्यांनी तिला उपरण्यात गुंडाळून नेलं. गावातली सगळीच लेकरं ते नेत. सगळे त्यांना नाना म्हणत. घरात कुणी तिचा विषय काढेना. नावच नव्हतं, तर काढणार तरी कसा? मला मात्र ती कुठे आहे, एवढंच हवं होतं. महिनाभर मी नानांच्या ताटासमोर बसून तेच विचारलं. शेवटी हातातला घास खाली ठेवून ते म्हणाले, "करंजाखाले."

बेटावर करंज एकच. उन्हाळ्यात नदी गुडघ्याखाली आली की पात्रातल्या वाडीवरून खरबुजं आणते, असं सांगून मी निघायची. करंजाखाली एक चपटा काळा दगड होता, तोच तिचा असं मी ठरवून टाकलं. काट्या बाजूला सारायच्या, पेलाभर दूध ओतायचं, थोडा वेळ बसायचं. तेवढ्यावर पुढचं वर्ष निघायचं.

सातव्या की आठव्या उन्हाळ्यात गेले, तर दगड आधीच दुधाने ओला. शेजारी खालच्या गल्लीतली एक म्हातारी लोटा घेऊन बसलेली. मी विचारलं, इथे कशा?

"मना पोऱ्या शे आठे," ती म्हणाली. "तुना सासरानीच सांगेल शे, करंजाखाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या पायांनीच घरी आले. नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. म्हटलं, नाना, खरं सांगा.

त्यांनी मान वर केली नाही. "खूण ठेवाना रिवाज नही. माले तरी कोठे याद शे? पन मायले काहीतरी सांगनं पडस."

दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायची आणि आत जायची. खोटंच सांगायचं होतं, तर दोघींना दोन झाडं तरी सांगायची! पण पुढच्या उन्हाळ्यात पाय तिकडेच वळले. दुसरीकडे जाणार कुठे? म्हातारी त्याच साली गेली होती. दगड कोरडा पाहून मला फार एकटं वाटलं.

काही वर्षांनी नानाही गेले. त्यानंतर शेजारच्या सुनेची तान्ही मुलगी गेली. पुरुषांनी तिला काहीच सांगितलं नाही. मी वाती वळत होते, तेव्हा ती समोर येऊन बसली.

"अक्का, तुम्हीन बेटवर जातस ना? मनी पोर कोठे शे?"

"करंजाखाले," मी म्हणाले. "चपटा काळा दगड शे."

त्या उन्हाळ्यात नदी उतरली, तशी ती खरबुजांसाठी टोपली घेऊन निघाली. पदराआड पेला होता. मी ओट्यावरून पाहिलं आणि आत गेले. मग मी बेटावर कधी गेले नाही.