चौरंगावरची लेस

प्रसादाच्या शिऱ्याचा वास आला की मला अजूनही मळमळतं. तूप, केळं, वेलदोडा, सगळं एकदम घशाशी येतं. यात शिऱ्याचा काही दोष नाही. दोष माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या उत्साहाचा आहे, आणि ‘चांगल्या मनाने केलं’ या वाक्याचा. त्या वाक्याखाली आमच्या घरात काहीही खपतं.

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक स्लोव्हेनियन बाई बसायची. बोलायला तुटक, कामाला चोख. तिचं गाव डोंगरातलं, पाऱ्याच्या खाणीचं. पुरुष खाणीत उतरायचे, पारा अंगात भिनून त्यांचे हात थरथरायचे, पगार पुरायचा नाही. बायका खिडकीपाशी बसून लेस विणायच्या. व्यापारी ती पडेल भावात उचलायचे आणि ती चर्चच्या वेदीवर नाहीतर श्रीमंतांच्या गळ्याशी मिरवायची. पुढे गावात लेसची शाळा निघाली. ती अजून चालते. तिची आई त्याच शाळेत शिकलेली.

ही विद्या तिने मला लंच ब्रेकमध्ये शिकवली. भुसा ठासून भरलेली एक लांबट गोल उशी असते, ती वेताच्या टोपलीत ठेवायची. उशीवर नक्षीचा कागद गुंडाळायचा. दोरे लाकडी दांडीच्या रिळांवर गुंडाळलेले, आणि ती रिळं जोडीजोडीने समोर लोंबत असतात. हालचाली दोनच. दोरा दोऱ्यावरून ओलांडायचा, नाहीतर पिळायचा. मग टाचणी टोचायची. टाचणी आहे तोवर ताजं काम जागेवर राहतं, काढली की सगळं ढिलं. इथल्या अरब बायकाही बाह्यांची जरीची किनार अशीच उशीवर विणतात, हे मला नंतर कळलं, आणि उगाच बरं वाटलं.

तिच्या आईची नजर गेली होती. नजर जाण्याआधी आईने एक शेवटची नक्षी कागदावर काढून, भोकं पाडून लेकीला दिली होती. आता आई लेस फक्त बोटांनी वाचायची. ही नक्षी पुरी झालेली एकदा हाताला लागावी, एवढंच तिचं मागणं होतं. लेकीने अर्ध्याहून जास्त विणली आणि तिच्या अंगठ्याचा सांधा गेला. ती नोकरी सोडून कायमची घरी निघाली होती. उरलेली लेस मी विणायला घेतली. उशी, टोपली, रिळं, सगळं आमच्या शारजाच्या अल नहदामधल्या फ्लॅटमध्ये आलं. मैत्रिणीच्या विमानाची तारीख जवळ आली तेव्हा वीतभर काम राहिलं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडे सत्यनारायण निघाला.

सकाळी मी गाडी घेऊन गुरुजींना आणायला गेले. जाऊबाई आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्या घर मांडायला आल्या. सोफे भिंतीला लावून त्यांनी गाद्या अंथरल्या. पाहुण्यांना टेकायला लोड कमी पडत होते. माझी उशी दिसायला लोडासारखीच. झालं! कुणाला टोचू नये म्हणून त्यांनी एकेक टाचणी उपसून वाटीत ठेवली. लोंबणारी रिळं कात्रीने कापून माझ्या मुलीला टिपऱ्या म्हणून दिली. लेस सुटी झाली, तर ती चौरंगाला शोभून दिसेल म्हणून लाल कापडावर अंथरली आणि वर कलश मांडून ठेवला.

मी परतले तोवर घर माणसांनी भरलं होतं. ‘वहिनी, मुहूर्त टळेल,’ म्हणत गुरुजींनी घाई केली. मी नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसले, समोर पाहिलं, आणि कलशाखाली ती लेस दिसली. माझा हात आपोआप पुढे गेला.

‘अहो, मांडलेला कलश हलवू नका,’ गुरुजी म्हणाले. नवऱ्याने माझं मनगट दाबलं.

पूर्ण कथा मी त्या लेसकडे बघत बसले. पंचामृताचा ओघळ तिच्यावरून हळूहळू पसरला. हळद पडली, कुंकू भिजून गुलाबी झालं, समईचं तेल ठिबकलं. समोर एक गलेलठ्ठ काका उशीला कोपर रेलून मोबाइल बघत होते. मला शिसारी आली. त्या काकांची, गुरुजींची, माझ्या मनगटावरच्या त्या हाताची, आणि दर अध्यायाला ‘जय’ म्हणणाऱ्या माझ्या स्वतःच्या तोंडाची.

आरती झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊबाईंना गाठलं. ‘वहिनी, ती लेस कापली का तुम्ही?’

‘अगं, अर्धवटच होती ना! मी नीट कट मारून फिनिशिंग केलं,’ त्या शिऱ्याच्या मुदी पाडत म्हणाल्या. ‘इतकं काय त्यात? मीना बाजारला रोलच्या रोल मिळतात. उद्या आणून देते. यल्ला, चल, प्रसाद वाटायला घे, लोग वेट कर रहे हैं.’

‘इट्स जस्ट लेस, ममा,’ मुलगी म्हणाली.

‘चांगल्या मनाने केलं त्यांनी,’ नवरा म्हणाला.

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

लेस तीनतीनदा धुतली. तेल गेलं, हळद गेली नाही. कापलेल्या टोकाशी ताजे टाके उसवून दोरे विस्कटले होते. ते पुन्हा रिळांवर घ्यायला लांबीच उरली नव्हती. मैत्रिणीला ऑफिसच्या खाली कॉफीशॉपमध्ये भेटून मी सगळं सांगितलं. तिने लेस कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पोचल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला. तिची आई टेबलाशी बसली होती, लेस समोर पसरलेली. डाग तिला दिसणार नव्हतेच. म्हातारीची बोटं एका टोकापासून निघाली, फुलं, पानं, वळणं, सगळं चाचपत. मध्येच ती हसली. मग कापलेल्या टोकाशी येऊन बोटं थांबली. तिने ते विस्कटलेले दोरे चिमटीत धरले आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं.

मैत्रिणीने मला इंग्रजीत सांगितलं, ‘आई विचारतेय, ही विणणारी बाई गेली का? जिवंत बाई असं मध्येच तोडत नाही, म्हणते.’

‘नाही,’ मी म्हणाले, ‘आमच्याकडे पूजा होती.’