भावाचा धूर

"ताई, सुजी गेली..." फोनवर मिलिंद होता. मी तेव्हा मलकापुरात, माझ्या घरी, सुजातासाठीच डब्यात खिचडी भरत होते. तिच्या शेजाऱ्यांनी आधी रक्ताच्या नात्याला, म्हणजे या भावाला, कळवलं होतं. खरं सांगते, दुःखाच्या आधी मला संताप आला. ज्याने वर्षानुवर्षं सख्ख्या बहिणीचं नाव घेतलं नाही, त्याच्या तोंडून ही बातमी ऐकायची? "आता आठवली का रे बहीण?" मी बोललेच. तो नुसता रडत राहिला.

सुजाता माझी शाळेपासूनची मैत्रीण. वडनेर भोलजीची पोरगी, शिकत शिकत दिल्लीला पोचली आणि देशाने वीज कशातून करावी हे सुचवणाऱ्या समितीत बसली. ऊन, वारा, अणू, सगळ्याचं भलंबुरं ती मला भाजी निवडता निवडता समजावायची. तिचं म्हणणं असं, की हवा तापतेय, तर कोळशावर वीज करणारे जुने, जास्त धूर ओकणारे संच आधी बंद करा; मात्र त्याआधी तिथल्या माणसांना दुसरं काम द्या. त्या जुन्या संचांत शेजारच्या जिल्ह्यातला तो संचही आला, जिथे मिलिंद कंत्राटावर कोळसा उतरवायचा. "तेवढा एक यादीतून गाळ ना बाई," मी म्हटलं. ती माझ्यावरच उखडली. "काऊन? माह्या भावाचा धूर गोड आहे काय?" आणि सही करून मोकळी झाली.

संच बंद झाला. दुसऱ्या कामाचं तेवढं राहून गेलं. आपल्याकडे राहायचं ते बरोबर राहतं! मिलिंदने बोलणं टाकलं. ती गावी आली की हा वीजकेंद्राजवळच्या वस्तीवरच थांबायचा. निवृत्त होऊन ती मलकापुरात आली, आजारी पडली, तरी आला नाही. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "त्याचा राग खोटा नाई व. पन एकदा त्यानं म्हनावं ना, सुजे, तुहं खरं होतं..."

पुण्यानुमोदनानंतर पाहुणे पांगले. तिच्या खोलीत मिलिंद आणि मी उरलो. तो म्हणाला, "ताई, आमच्या वस्तीत दोरीवरचे कपडे पयले सांजेपर्यंत काळे व्हायचे. आता पांढरे राह्यतात. हे तिले सांगायचं होतं... सांगू सांगू म्हनता राह्यलं."

"मग सांग की," मी म्हटलं.

त्याने रिकाम्या खाटेकडे तोंड केलं. "सुजे, तुहं खरं होतं. कपडे पांढरे राह्यतात व आता. पन ते घालून मी जाऊ कुठं?"

कुणी विचारलं आणि सुजाताने उत्तर दिलं नाही, असं त्या खोलीत कधी झालं नव्हतं. आम्ही दोघं उगीच थांबलो.