मोठ्या विमानाची वाट

माझं लग्न ठरलं तेव्हा बारामतीत आमच्या गल्लीत एकच गोष्ट फिरत होती, ती म्हणजे मुलगा पायलट आहे. मुलगा इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा आहे, घर शेतकऱ्याचं आहे, आजोबांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे होते, हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं गेलं. माझे वडील माळेगावच्या साखर कारखान्यात होते. मोजकं बोलायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "कंपनी कोणती?"

कंपनी लहान होती. खाजगी विमान कंपन्यांना तेव्हा नुकती परवानगी मिळाली होती आणि बऱ्याच जणांनी दोन-तीन विमानं भाड्यानं आणून धंदा मांडला होता. ह्यांच्या कंपनीकडे पंख्यांची तीन विमानं होती. मोठी विमानं जिथं उतरत नाहीत अशा गावांना ती जायची. शिष्यवृत्तीवर विमान शिकलेला हा मुलगा तिथं सहवैमानिक होता, म्हणजे उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा.

लग्नाआधी आम्हाला तासभर बोलू दिलं, त्यात ह्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. ही कंपनी म्हणजे पायरी. इथं तीन वर्षं उडायचं, तास जमवायचे आणि मोठ्या कंपनीत जायचं, जेट विमानावर. पायलटची किंमत त्यानं किती तास उडवलं त्यावर ठरते, हे मला त्या दिवशी कळलं. आणखी एक गोष्ट ह्यांनी सांगितली. "मोठ्या कंपनीत जो एक दिवस आधी लागतो, तो जन्मभर एक दिवस पुढं राहतो. कॅप्टन आधी तोच होतो. म्हणून घाई असते सगळ्यांना." मी मान डोलावली. मला त्यातलं फारसं काही कळलं नव्हतं, पण सांगताना माणूस खूश दिसत होता.

मुंबईत विमानतळाजवळ आमची दीड खोली होती. ह्यांचा नागपूरकडचा एक मित्र त्याच कंपनीत, त्याच वर्षी लागलेला. एकटा होता, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा आमच्याकडे जेवायचा. दोघं जेवताना फक्त तासांचं बोलायचे. तुझे किती झाले, माझे किती झाले. मी भाकऱ्या टाकत ऐकायची.

तिसऱ्या वर्षी एक विमान नादुरुस्त होऊन उभं राहिलं. पुढं दुसऱ्या विमानाला काही लागलं की त्या उभ्या विमानाचा भाग काढून लावायला लागले. हे घरी येऊन सांगायचे, "आज त्याचं अमुक काढलं, आज तमुक काढलं." सांगताना आवाज असा, जणू घरातलं जनावर आजारी आहे. मग दुसरं उभं राहिलं. तिसरं ज्याचं होतं तो परदेशी मालक येऊन घेऊन गेला. कंपनी बंद झाली असं कुणी सांगितलंच नाही. एके दिवशी हे कामावर गेले तर ऑफिसला कुलूप होतं.

आम्ही बावड्याला आलो. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डाळिंबाच्या बागेकडची खोली झाडून घेतली आणि म्हणाले, "हितं वारं चांगलं लागतं. ऱ्हावा निवांत." पण निवांत कसं राहणार? सकाळी चहाला कुणी ना कुणी यायचंच. "काय सायब, इमान कवा उडायचं?" ह्यात कुणाच्या मनात वाईट नसायचं. पण हे उठून विहिरीकडे जायचे.

मग एका मोठ्या कंपनीची भरती निघाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, नकली विमानात बसवून घेतात ती परीक्षाही झाली. त्या सगळ्यात हे पास झाले. नागपूरचा मित्रही झाला. राहिली फक्त डॉक्टरी तपासणी. ह्यांना कधी साधा ताप आला तरी नवल वाटायचं, इतकी तब्येत ठणठणीत. त्यामुळे तपासणीला गेले त्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पुरणाचा घाट घातला होता.

संध्याकाळी गावातल्या फोनच्या बूथवर मला निरोप आला. पळत गेले.

"रक्तदाब जास्त निघाला," हे म्हणाले.

"तुमचा?"

"माझाच. पडून राहायला सांगितलं, परत बघितला. आणखी वाढला. तिसऱ्यांदा त्याहून जास्त."

"मग?"

"तीन महिने अपात्र. मग परत या म्हणाले." मग फोन ठेवता ठेवता, "तो पास झाला," हे म्हणाले. कोण ते विचारावं लागलं नाही.

गावातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी रक्तदाब घेतला तर अगदी जसा असावा तसा. आठवडाभर रोज घेतला, रोज चांगला. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना काही आजार नाही. तिथं मनावर ताण येतो आणि दाब चढतो. पुष्कळांचं होतं असं."

"त्याला औषध?" मी विचारलं.

"ताण घ्यायचा नाही."

हे बाहेर येऊन हसले. भर पावसात, ढगात विमान हलत असताना ह्या माणसाचे हात स्थिर राहायचे, असं तो मित्रच मला सांगायचा. आणि एका कापडी पट्ट्यानं दंड आवळला की रक्त उसळत होतं. त्याला हे काय करणार?

घरानं मात्र आपल्या परीनं कंबर कसली. आत्याबाईंनी ह्यांच्या जेवणातलं मीठ बंद केलं. मग एकट्या लेकाला अळणी कसं वाढायचं म्हणून सगळ्यांचंच बंद केलं. आबा शेतातून दमून यायचे, अळणी कालवणात भाकरी कुस्करायचे आणि मुकाट्यानं जेवायचे. एकदा मी त्यांना हळूच मिठाची वाटी दिली. त्यांनी ती बाजूला सरकवली. "त्याचं हू दे आधी," म्हणाले. शेजारून कुणी लसूण सांगितला, कुणी शेवग्याचा पाला. एका म्हातारीनं रोज उशाला तांब्याचा तांब्या ठेवायला सांगितला. ह्यांनी सगळं केलं. नाही म्हणायचं बळसुद्धा त्यांच्यात उरलं नव्हतं असं मला वाटायचं.

मी अकलूजहून रक्तदाब मोजायचं यंत्र मागवलं आणि डॉक्टरांकडून शिकून घेतलं. रोज संध्याकाळी दिवे लागले की पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, कानाला नळी लावून ठोके ऐकायचे. महिनाभर सगळं छान होतं. मी आकडा सांगितला की आत्याबाई देवापुढे हात जोडायच्या. तपासणीची तारीख जवळ आली तसा आकडा चढायला लागला. आधी थोडा, मग बराच. मी खोटं सांगायला लागले. पण ह्यांना माझ्या तोंडावरून कळायचं.

एका संध्याकाळी मी यंत्राची पेटी घ्यायला उठले तर हे जेवताजेवता थांबले. घास हातात तसाच. मानेवरची शीर उडताना मला लांबून दिसली. मी नुसती उठले होते, अजून पेटीला हातही लावला नव्हता. म्हणजे हळूहळू मीच ती तपासणी झाले होते. ज्या माणसाला धीर द्यायचा, त्याला माझ्या उठण्यानं धडकी भरत होती. मी पेटी कपाटावर टाकली आणि परत काढली नाही. त्यानंतर ह्यांच्यासाठी काय करायचं, तेच मला सुचेना.

दुसऱ्या तपासणीच्या चार दिवस आधी मित्राचा बूथवर फोन आला. त्याचं शिक्षण सुरू झालं होतं. "भरती थांबवली आहे रे," त्यानं सांगितलं. "मी बोलू का कुणाशी?"

"बोलून काय होणार?" हे म्हणाले. "तू तुझं नीट कर."

तरी हे तपासणीला गेले. आणि पास झाले. रक्तदाब अगदी लहान मुलासारखा. मिळण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून शरीर शांत बसलं. परत आल्यावर त्यांनी ते आबांना सांगितलं, तर आबा हरखले. "मग झालं की. आता बोलवत्याल."

"पुढची भरती निघाली की बोलवतील, आबा."

"कवा निघंल?"

"ते कुणाला म्हाईत न्हाय."

आत्याबाईंनी त्या रात्री कालवणात मीठ घातलं.

पायलटनं बरेच दिवस उडवलं नाही तर लायसन्स टिकवणं अवघड होतं. त्याच सुमाराला बारामतीला विमान शिकवायची सोय झाली होती. हे तिथं शिकवायला लागले आणि आम्ही बारामतीत दोन खोल्या घेतल्या. दोन माणसांचं, एका पंख्याचं विमान ते. दिवसभर धावपट्टीवरून चढायचं, चक्कर मारायची, उतरायचं. शिकायला येणारी मुलं पुण्या-मुंबईची, चांगल्या घरची. हे त्यांना जीव लावून शिकवायचे. मीही एका शाळेत लागले. दोन वर्षं ह्यांचे तास वाढत होते, आणि आम्ही दोघंही मनात म्हणत होतो, वाया काही जात नाही.

पुढची भरती निघाली. हे मुंबईला गेले. मी आणि आबा भिगवण स्टेशनवर त्यांना घ्यायला गेलो. खरं तर घ्यायला जायचं काही कारण नव्हतं, पण आबा बावड्याहून मुद्दाम आले होते, धुतलेलं धोतर नेसून, नवा पटका बांधून. गाडीतून उतरताना ह्यांनी आम्हाला पाहिलं आणि मला कळलं. आबांना कळलं नाही.

"जेवू या का?" हे म्हणाले. "भूक लागलीय."

रस्त्यावरच्या खानावळीत आम्ही मासे मागवले. पाठीमागं उजनीचं पाणी उन्हात चकाकत होतं. आबांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "काय म्हनाली ती मानसं?"

"तास चालत न्हाईत म्हणाले."

"कंचं तास?"

"बारामतीचे. गेल्या वर्षा-दोन वर्षात मोठं विमान उडवलेलं पाहिजे. दोन इंजिनांचं. हे लहान, हे धरत न्हाईत. अन् आधीचं आता जुनं झालं."

आबा बराच वेळ काटे काढत राहिले. "पर इमानच व्हतं न्हवं ते?"

"व्हय आबा. इमानच व्हतं."

"मेंढरं राखली काय अन् शेळ्या राखल्या काय, राखनंच की ते."

"त्यांचं तसं नसतं, आबा."

"मग दोन इंजनाचं आपल्याला कोन दील उडवायला?"

"मोठी कंपनी."

आबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शिकलेली, मी तरी ह्यातून वाट सांगीन असं त्यांना वाटलं असावं. मी ताटाकडे पाहिलं. त्यांना आयुष्यात दुष्काळ माहीत होता, रोगानं एका आठवड्यात संपलेला कळप माहीत होता. त्यावर काय करायचं असतं तेही माहीत होतं. उठून चालायला लागायचं. इथं कुठं चालायचं?

ह्यांना मोठं विमान कधी मिळालं नाही. आणखी एकदा भरती निघाली तेव्हा वय जास्त भरलं. हे बारामतीतच शिकवत राहिले. ह्यांच्या हाताखालची मुलं पुढं मोठ्या कंपन्यांत गेली, काही कॅप्टन झाली. पेढे घेऊन यायची. हे पेढा खायचे आणि त्यांना, उतरताना घाई करू नका, एवढंच सांगायचे. मला त्यांच्या चेहऱ्यावर कडवटपणा कधी दिसला नाही. दिसला असता तर मला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

भिगवणला त्या दिवशी जेवण उरकून आम्ही बारामतीच्या गाडीत चढलो. गर्दी होती. आबांना खिडकीची जागा मिळाली. आम्ही दोघं वरचा दांडा धरून उभे राहिलो. कंडक्टरनं तिकिटं दिली. मदनवाडीच्या पुढं गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "उद्या शाळेला सुट्टी आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग डबा दोघांचा कर. मलाही सकाळीच जायचंय."