न टाकताच वाढलेलं ऑइल

मंडळी, आज आईला तपासणीसाठी आर्वीहून सेवाग्रामला नेत होतो. गाडीचं इंजिन तापलं म्हणून चहाच्या टपरीवर थांबलो, ऑइल मोजायची पट्टी काढली. न टाकताच ऑइल खुणेच्या वर! मी शहाणा, खूश झालो.

शेजारी चहा पिणारे एसटीचे रिटायर मेकॅनिक काका हसले. "ऑइल कधी आपोआप वाढते का, भाऊ?" त्यांनी आपला ग्लास पट्टीजवळ धरला. दोन्हींचा रंग एकच, दुधाळ. "ऑइलमंदी पाणी गेलं. आता चालू कराल तं इंजिन जाईन."

ग्लास बॉनेटवर ठेवून त्यांनीच हात दाखवून एसटी थांबवली. गाडी तिथेच ठेवून आम्ही चढलो, आई वेळेत पोचली.

तुम्ही पट्टीवर रंगही बघता का हो?

बसमध्ये आई एवढंच म्हणाली, "अरे, त्याईचा चहा तं तसाच राह्यला!"